सरांची वही आणि माझी फ्लॉपी

लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात नोकरीला गेले. कार्यालयात उस्मानाबादचं नाव छापलेले जुने कागद अजून संपले नव्हते. ते नाव पेनानं खोडायचं, वर लातूर लिहायचं आणि पत्र रवाना करायचं, अशी रीत होती. इमारत भाड्याची, कपाटं निम्मी रिकामी आणि अर्धं दप्तर अजून जुन्या जिल्ह्यात. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. गावोगाव टँकर सुरू होते आणि शहरातही नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. माझ्या घरमालकीणबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून शेजारणीला एकच प्रश्न विचारायच्या, "आज हाय का?" कशाबद्दल विचारतायत ते वेगळं सांगावं लागत नसे.

मी नांदेडची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा येताना त्यांनी मुलांसाठी दगडी पाट्या आणल्या होत्या, असं वडील सांगत. मी गणित घेऊन पदवी केली आणि मग पुण्यात वर्षभर कॉम्प्युटर शिकले. नातेवाइकांना ते यंत्र म्हणजे काय हेच कळत नव्हतं. वडिलांनाही फारसं कळत नसावं, पण कुणी विचारलं की ते म्हणायचे, "हिशेबाचं यंत्र आहे, पण हिशेबाहून मोठं." तेवीस वर्षांची मी, पुण्याहून परत येताना पिशवीत एक फ्लॉपी घेऊन आले होते. लातूरच्या नोकरीत सगळ्यात जास्त वाद त्या फ्लॉपीवरून झाला.

यंत्र एकच होतं. वरच्या मजल्यावर, चपला बाहेर काढून आत जायचं अशा खोलीत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. समोर फ्लॉपी घालायच्या दोन फटी. पोटात काहीच साठत नसे, जे काही असेल ते फ्लॉपीतच. आणि त्या यंत्रासमोर बसलेले आमचे सर.

सर मूळचे देगलूरचे. हैदराबादला एका मोठ्या कारखान्यात वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेलं, तेही कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम द्यायच्या काळापासून. आई थकली म्हणून ते घराजवळची नोकरी बघत होते, नव्या जिल्ह्यात जागा निघाली आणि इकडे आले. उंच, किंचित वाकलेले, खिशाला कायम शिसपेन्सिल. मी त्यांच्या अर्ध्या वयाची, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला "मॅडम" म्हटलं. मला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं होतं.

सरांची काम करायची पद्धत मी तशी परत कुठेच पाहिली नाही. ते प्रोग्राम आधी वहीत लिहायचे. आखीव कागदाची जाड वही, डाव्या पानावर प्रोग्राम, उजवं पान कोरं. लिहून झालं की उजव्या पानावर रकाने पाडायचे आणि स्वतः यंत्र होऊन तो प्रोग्राम चालवायचे. ओळीवर बोट ठेवायचं, आकडा बदलला की रकान्यात लिहायचा, पुढच्या ओळीवर जायचं. मोजताना ते तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू, ओठातल्या ओठात. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं त्यांना ऐकूच जात नसे. दोन दोन दिवस असं वहीत झाल्यावर मगच ते यंत्र सुरू करायचे.

त्याला कारणही होतं. कार्यालयानं घेतलेली साधनं तुकड्यातुकड्यांत होती. एका फ्लॉपीवर लिहायचं साधन, म्हणजे एडिटर. त्यात प्रोग्राम टाइप करायचा, साठवायचा, बाहेर पडायचं. फ्लॉपी काढून दुसरी घालायची, तिच्यात कंपायलर. हा आपण लिहिलेलं वाचून यंत्राच्या भाषेत बदलायचा. तो दोनदा वाचायचा, घरघर करायचा, आणि शेवटी सांगायचा की अमक्या ओळीत चूक आहे. मग परत पहिली फ्लॉपी, परत एडिटर, ओळी मोजत त्या जागी जायचं, दुरुस्ती करायची, साठवायचं, परत दुसरी फ्लॉपी. चूक नसेल तर तिसरी फ्लॉपी घालून तुकडे जोडायचे. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं सहज जात. अशा वेळी चूक करणं परवडत नाही. सरांना ती परवडत नाही याचा त्रास नव्हता, उलट आवडच होती.

माझ्या फ्लॉपीत हे सगळं एकत्र होतं. भाषा तीच, पास्कल. पण लिहायचं, तपासायचं आणि चालवायचं साधन एकच. एक बटण दाबलं की क्षणात कंपाइल. चूक असली तर पडद्यावरचा कर्सर थेट त्या जागी जाऊन उभा राहायचा. पुण्यात आम्ही त्याच्यावर जीव टाकला होता. आता पोरं आयडीई म्हणतात ती हीच गोष्ट. तेव्हा हा शब्द आमच्याकडे आला नव्हता. सर तिला "तुमचा डबा" म्हणायचे, जेवणाचा डबा असतो तसा, सगळं एकात.

"मॅडम, डबा चांगला आहे," ते म्हणाले, "पण बोटाला सवय लागते. विचार न करता बटण दाबायची."

"सर, चूक यंत्र दाखवतंय तर आपण दोन दिवस वहीत का शोधायची?"

"यंत्र अक्षराची चूक दाखवतं. डोक्यातली दाखवत नाही."

मनातून मला ते जुन्या वळणाचे वाटले. पुण्याचा वारा लागलेला होता मला.

आमच्याकडे काम आलं ते टंचाई शाखेचं. कुठल्या गावाला टँकर लागतो, तो कुठून भरायचा, किती खेपा झाल्या, हे रोज संध्याकाळी कार्बन लावून हातानं लिहिलं जायचं. गावं वाढत गेली तशी यादी वाढली आणि कुठलं तरी गाव त्यातून सुटायला लागलं. टंचाईचे अव्वल कारकून पन्नाशीचे होते, शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी घरातले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते जिना चढून आमच्या खोलीत आले, चपला बाहेर काढल्या, आणि उभ्यानंच म्हणाले, "मला लई काय नगं. रोज सकाळी एवढं कळलं पाहिजे की कोणत्या गावाला टँकर गेला न्हाई. गेलेली समदी सांगतेत. न गेलेलं कोन सांगत न्हाई."

हे काम कशात करायचं यावर आमचा पहिला उघड वाद झाला. सर म्हणाले जे कार्यालयानं घेतलंय त्यातच. मी म्हणाले डब्यात. वाद असाच चालला असता, पण त्याच आठवड्यात हुकूम निघाला की टंचाई असेतोवर कुठल्याही कार्यालयात कूलरला पाणी भरायचं नाही. हुकूम योग्यच होता. खाली लोक घागरी घेऊन निवेदनं द्यायला येत होते आणि वर आम्ही रोज दोन बादल्या पाणी कूलरमध्ये ओतत होतो, त्याची मला रोज लाज वाटायची. पण कूलर बंद झाला आणि यंत्र तापायला लागलं. सकाळी दहा वाजून गेले की पडदा गोठायचा, बटणं मरायची. मार्च सरत होता, उन्हाळा पुढेच होता. म्हणजे काम फक्त सकाळी सहा ते दहा.

चार तासांत सरांच्या पद्धतीच्या दहा-बारा फेऱ्या होणार. हे मी बोलून दाखवलं, जरा जोरातच. सर रागावले नाहीत. म्हणाले, "करून बघू. काम एकच, दोघांनी करायचं. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. दोन-दोन सकाळी. भाऊसाहेब ठरवतील."

भाऊसाहेब म्हणाले, "हाव. मला कॉम्प्युटरातलं काय कळत न्हाई, म्हणून मीच बरा."

पहिली सकाळ माझी. सहाला पोचले तेव्हा सर आधीच येऊन बाहेरच्या बाकावर वहीत लिहीत बसलेले. मी यंत्र सुरू केलं आणि बसल्या बसल्या लिहीत सुटले. थोडं लिहायचं, बटण दाबायचं, चूक दिसली की सुधारायची, परत दाबायचं. किती वेळा कंपाइल केलं ते मोजणं मी पहिल्या तासातच सोडलं. दहाला यंत्र बंद केलं तेव्हा अर्धं काम चालत होतं. मी घामानं भिजले होते आणि भलतीच खूश होते.

दुसऱ्या सकाळी सर बसले. वही शेजारी उघडी, दोन बोटांनी सावकाश टाइप करत होते. नऊपर्यंत नुसतं टाइपच. मग कंपायलरची फ्लॉपी घातली. एक चूक, कुठेतरी अर्धविराम राहिलेला. फेरी. दुसऱ्या वेळी एका शब्दाचं स्पेलिंग. फेरी. तिसऱ्या वेळी कंपायलर काही न बोलता संपला. तुकडे जोडले, चालवला आणि प्रोग्राम चालला. गावांची यादी पडद्यावर सरसर खाली आली, तालुकावार, व्यवस्थित, आणि खाली न गेलेल्या खेपा. दहाला पाच कमी होते. सरांच्या दोन सकाळींतली एक उरलीच.

मी पाहत राहिले. तीन फेऱ्यांत एवढा मोठा प्रोग्राम चाललेला मी आजवर दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. त्या दिवशी मी पुण्याचा वारा थोडा उतरवून ठेवला. माझं काम तिसऱ्या सकाळी पुरं झालं. भाऊसाहेबांनी दोन्ही याद्या छापून घेतल्या, शेजारी शेजारी धरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोन्ही सारख्या हायेत. पण सरांची आधी आली." निकाल लागला. मी मान्य केला, आणि मनापासून केला.

सरांनी त्या दिवशी स्वतःच्या डब्यातला सुशीला मला दिला. मुरमुरे भिजवून केलेला, शेंगदाणे घातलेला. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला खाऊ घालावं तसा नव्हे. दोघांनी मिळून काही केलं, आता भूक लागली, असा.

त्यानंतर दोन दिवसांनी देगलूरहून निरोप आला की आईची तब्येत बिघडलीय. सर गेले. आणि दुसऱ्याच सकाळी भाऊसाहेब जिना चढून आले.

"ताई, ही यादी गावांच्या नावानं लावलेली हाय. मला तीन दिस ज्या गावाला टँकर न्हाई ते वर पाहिजे. सायब यादीचं पहिलंच पान बघतेत. खाली काय असतंय ते कोन वाचतंय?"

मागणी साधी होती. मी सरांचा प्रोग्राम उघडला, कारण तोच निवडलेला होता. एडिटरची फ्लॉपी, सरांच्या आटोपशीर ओळी, त्यांनी नावांना दिलेली त्यांची आखूड खुणांची भाषा. ती त्यांच्या वहीत नीट उलगडलेली असणार, पण वही देगलूरला गेली होती. मी एक बदल केला, फेरी केली, चूक आली. ती सुधारली, दुसरी आली. फ्लॉपी काढ, फ्लॉपी घाल. दहा वाजले, पडदा गोठला आणि यादी निघाली नाही. भाऊसाहेब बाहेरच्या बाकावर तीन तास बसून होते. मग उठून खाली गेले.

पुढच्या सकाळी मी माझी फ्लॉपी घातली. भाऊसाहेबांना शेजारी खुर्ची दिली. "बसा. तुम्ही सांगा, मी करते." तपासायचं बटण दाबलं की कर्सर चुकीवर जाऊन उभा राहतो हे त्यांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा कर्सर थांबला तेव्हा माझ्याआधी तेच म्हणाले, "इथं ते टिंब-स्वल्पविराम राहिलं का?" राहिलंच होतं. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. आठच्या आत यादी छापून निघाली, तीन दिवसांपासून कोरडी गावं सगळ्यात वर. ते कागद हातात घेऊन एकेक पायरी सोडून जिना उतरले.

मला वाटलं, आता कळलं ना कुठलं साधन बरं. सर परत आले की सांगायचं कसं, याची वाक्यं मी मनात जुळवून ठेवली.

सर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावचा कोतवाल आला. एसटीनं उभं राहून आलेला, धोतर धुळीनं भरलेलं. भाऊसाहेब त्याला घेऊन वरच आले. "चौथा दिस हाय बाई," तो म्हणाला. "टँकर न्हाई. हिरीत उतरून वाटीनं पानी भरून राहिलेत लोक."

मी यादी काढली. त्याच्या गावासमोर कालची खेप छापलेली होती. मी ती त्याला दाखवली. मी त्याला म्हणाले, "कालच गेलाय की टँकर."

त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. "कागदात गेला आसंल."

त्याच वेळी सर जिना चढून आले. हातात पिशवी, देगलूरच्या एसटीतून उतरून थेट. आईला उतार पडला होता. त्यांनी कोतवालाला आधी पाणी दिलं, स्वतःच्या बाटलीतलं, मग काय झालं ते ऐकलं. यंत्र बंदच होतं, दुपार होती. त्यांनी मला माझा प्रोग्राम कागदावर छापलेला आहे का विचारलं. होता. तो आणि वही घेऊन ते बाकावर बसले आणि बोटानं चालवायला लागले. ओकटी, रेंडू, मूडू. आम्ही तिघं उभे. पाव तास गेला असेल.

"या नावाची गावं दोन आहेत," सर म्हणाले. "एक औसा तालुक्यात, एक अहमदपूरकडे."

अशी नावं आपल्याकडे ढिगानं आहेत. मी गाव ओळखायला नुसतं नाव धरलं होतं. गावांचे नंबर जुन्या जिल्ह्याचे होते, नव्याचे ठरायचे होते, म्हणून मी त्यांचा नादच सोडला होता. यादीत औशाच्या गावाला गेलेला टँकर अहमदपूरच्या गावाच्या नावावरही लागत होता. सरांनी वहीत पहिल्याच पानावर प्रत्येक गावाला तालुक्याचं अक्षर आणि स्वतःचा एक क्रमांक दिलेला होता. आधी भाऊसाहेबांनी दोन याद्या शेजारी धरल्या तेव्हा माझी सरांच्या यादीशी जुळली ती केवळ त्या दिवशी दोन्ही गावांना टँकर गेला होता म्हणून.

भाऊसाहेब जिन्याकडे धावले. पन्नाशीचा माणूस, अनवाणी. अर्ध्या तासात खालच्या पटांगणातून एक टँकर निघाला आणि रस्ता दाखवायला कोतवाल ड्रायव्हरशेजारी चढून बसला. जाताना त्यानं वर पाहून हात केला. मला तो बघवला नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. कंपाइल करताना मला एकही चूक दिसली नव्हती. लख्ख, स्वच्छ प्रोग्राम, आणि एक गाव चार दिवस तहानलेलं.

दुसऱ्या सकाळी सहाला मी सरांना म्हणाले, "तुमचाच प्रोग्राम ठेवू या सर. मी जुन्याच पद्धतीनं शिकते."

"आधी मला तुमचा डबा दाखवा," ते म्हणाले.

तोवर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मी खुर्ची सोडली. त्यांनी मुद्दाम एक अर्धविराम खोडला आणि बटण दाबलं. कर्सर जागेवर जाऊन उभा राहिला. त्यांनी दुसरीकडे एक शब्द बिघडवला, परत दाबलं. कर्सर तिथे. "क्या बात है," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मग तासभर ते प्रोग्राम बिघडवत आणि सुधारत बसले. मी त्यांना असं खेळताना प्रथमच पाहत होते. शेवटी चष्मा काढून पुसला.

"हेच घ्यायचं."

मला वाटलं ते माझी समजूत काढतायत. "सर, पण चूक तर ह्याच्यात झाली."

"चूक तुमच्या प्रोग्रामात झाली. फ्लॉपीत नाही. माझ्या फ्लॉपीत तुम्ही लिहिलं असतं तरी झालीच असती, फक्त उशिरा झाली असती." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी तीन दिवस नव्हतो, तर तुमची एक सकाळ माझ्या प्रोग्रामात वाया गेली. भाऊसाहेबांनी सांगितलं मला. आणि ह्याच्यात त्यांनी स्वतः चूक ओळखली. बरोबर?"

"हो."

"जिल्हा नवा आहे. आज मी आहे, उद्या बदलून जाईन. कोण येईल, काय शिकून येईल, कुणाला माहीत. माझ्या पद्धतीला मी लागतो मॅडम. ते काही चांगलं नाही."

वीस वर्षं कमावलेली एक कला, जिच्यात त्यांच्या तोडीचं आसपास कुणी नव्हतं, ती बाजूला ठेवायचा निर्णय त्यांनी इतक्या सहज घेतला. आवाजात जराही खंत नव्हती. मी त्यांच्या जागी असते तर मला जमलं असतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. बहुतेक नसतं जमलं.

वरिष्ठांना द्यायची टिप्पणी त्यांनी स्वतः लिहिली आणि मला टाइप करायला दिली. दोन्ही साधनांची तुलना होती. आपल्या पद्धतीचे दोष त्यांनी आधी लिहिले होते, माझ्या साधनाचे नंतर. माझ्याकडून झालेली चूक त्यात होती, पण माझं नाव नव्हतं, "आमच्याकडून" असं होतं. शेवटी एक अट होती की प्रोग्राम नव्या साधनात लिहावा, मात्र आधी वहीत मांडावा, आणि पहिल्या पानावर एक गाव दुसऱ्यापासून कशानं वेगळं ओळखायचं ते लिहावं.

तसंच आम्ही पुढचे महिने काम केलं. गावांचे क्रमांक सरांचे, साधन माझं. रोज पहाटे यादी, साडेआठला भाऊसाहेबांच्या हातात. भाऊसाहेब तर यादी घ्यायला येण्याच्या निमित्तानं तासभर आधीच येऊन बसायला लागले. एके दिवशी त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. टँकर कुठल्या विहिरीवरून भरायचा याची पाळी लावणारा तीसेक ओळींचा प्रोग्राम, बॉलपेननं लिहिलेला, अर्धी अक्षरं मराठी. सरांनी तो मांडीवर ठेवून बोटानं चालवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, दोन ठिकाणी अडतंय. बाकी चालतंय." भाऊसाहेबांनी तो स्वतः टाइप केला, एकेक अक्षर शोधत. पहिल्यांदा चालला तेव्हा ते खुर्चीतून उठले, बाहेर गेले आणि तंबाखू मळत बराच वेळ गॅलरीत उभे राहिले.

जुलै सरता सरता टँकर कमी झाले. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली, ते म्हणाले होते तशी. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला आमचा प्रोग्राम हातात घ्यायला एक सकाळ पुरली.

मी नंतर नांदेडला परतले. पुष्कळ वर्षांनी माझं छोटं सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. लोह्याची, मुखेडची, माहूरकडची मुलंमुली माझ्याकडे कामाला असतात. त्यांच्यात रोज वाद. एकाला हलकं, झटकन उघडणारं साधन हवं, दुसरीला सगळं आपणहून सुचवणारं जड साधन हवं, तिसऱ्याला काळ्या पडद्यावर नुसतं टाइप करायचं असतं. मी कुणाची बाजू घेत नाही. एकच काम सगळ्यांना आपापल्या साधनात करायला सांगते. पुरं झालं की अदलाबदल करते. ह्याचं तिच्याकडे, तिचं ह्याच्याकडे, आणि मूळ लिहिणाऱ्याला त्या दिवशी काही विचारायचं नाही. मग एक छोटा बदल मागते. संध्याकाळपर्यंत वाद आपोआप मिटतो. पोरांना वाटतं ही माझी शक्कल आहे. मी त्यांना देगलूरच्या सरांबद्दल सांगते, पण एवढं करणारा माणूस असतो यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

सरांना मी शेवटची भेटले ती देगलूरला, ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. मुलानं त्यांना लॅपटॉप घेऊन दिला होता. ऐंशीच्या जवळ आलेले, पण मी बसायच्या आत ते म्हणाले, "बरं झालं आलात. दोन साधनं उतरवून घेतलीत, ठरत नाहीये. हे बघा." एक साधन त्यांनी दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द सुचवायचं. "हे मी बोलायच्या आधीच बोलतं," ते वैतागून म्हणाले. दुसरं गप्प होतं, पण त्याची अक्षरं बारीक. आम्ही दोघं टेबलाला टेकून बसलो. मी गप्प साधनाची अक्षरं कशी मोठी करायची ते शोधत होते, ते मला मध्येच थांबवून सुचवणाऱ्या साधनातली एखादी गोष्ट दाखवत होते, कारण वैताग असला तरी ते त्यांना आवडायला लागलं होतं. आतून काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली.

"आलोच," सर म्हणाले, "मॅडम, एवढं एकदा चालवून बघू."